आउटबोर्डचा भोंगा नेमकं काय मोजतो? ऑइल इंजेक्शन आणि धोक्याचे इशारे, नवख्यांसाठी

आउटबोर्ड इंजिनाचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा, धोक्याचा भोंगा पहिल्यांदा वाजतो तो बहुतेक वेळा किनाऱ्यापासून लांब. चालवणारा नवखा असेल तर त्याला दोनच गोष्टी सुचतात: घाबरून चावी बंद करणे, किंवा "सेन्सर बिघडला असेल" म्हणून तसेच पुढे जाणे. यातली कुठलीही एक बरोबर असू शकते. कुठली, ते भोंगा कशासाठी वाजतोय यावर ठरते, आणि ते समजायला इंजिनात ऑइल कुठून कुठे जाते आणि त्या वाटेवर सेन्सर कुठे बसवले आहेत हे आधी माहीत असावे लागते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. भोंगा जे मोजतो तेवढेच सांगतो. टाकीत ऑइल किती आहे हे मोजणारा सेन्सर ते ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचले की नाही, हे सांगू शकत नाही. सिलिंडर हेडचे (सिलिंडरांचे तोंड बंद करणाऱ्या भागाचे) तापमान मोजणाऱ्या खटक्याला ऑइलशी देणेघेणे नाही. "भोंगा वाजला नाही म्हणजे सगळे ठीक" या समजुतीने जितकी इंजिने जाम होतात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने होत असतील.

आधी आपले इंजिन ओळखा

फोर-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये गाडीसारखा ऑइलचा संप, म्हणजे ऑइल साठवायचे भांडे, असतो. तेच ऑइल पंपाने फिरत राहते, डिपस्टिकने मोजता येते, आणि दाब कमी झाला की इशारा मिळतो. तिथे ऑइल इंजेक्शन नावाचा प्रकारच नाही. तुमचे इंजिन फोर-स्ट्रोक असेल तर या लेखातला तापमानाचा, पाण्याच्या धारेचा (इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारे पाणी) आणि भोंगा तपासण्याचा भाग तुमच्या कामाचा. ऑइलच्या दाबाचा दिवा लागला, तर इंजिन लगेच बंद करून डिपस्टिक बघायची आणि पातळी ठीक असली तरी पुन्हा सुरू करायचे नाही, एवढे लक्षात ठेवा.

टू-स्ट्रोकचे गणित वेगळे. क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरतो त्या बंद पेटीत, ऑइल साठवलेले नसते. क्रँकची बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे, सिलिंडरची भिंत, या सगळ्यांना जे काही वंगण मिळते ते त्या क्षणी आत येणाऱ्या ऑइलचेच. ते काम करून जळून जाते आणि धुरासोबत बाहेर पडते. पुरवठा थांबला तर आत उरलेल्या पातळ थरावर इंजिन थोडा वेळ तग धरते, तेही वेग कमी असेल तर. फुल थ्रॉटलवर ही मुदत फारच थोडी असते.

जुनी आणि साधी पद्धत म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणे. नेहमीचे प्रमाण ५०:१, म्हणजे २५ लिटर पेट्रोलला अर्धा लिटर ऑइल. हे प्रमाण पूर्ण वेगाला लागणाऱ्या वंगणाच्या हिशोबाने ठरलेले आहे. बोट धक्क्याजवळ हळू रेंगाळत असताना इंजिनाला इतके ऑइल लागत नाही, मग धूर होतो आणि प्लग काळे पडतात. वेगानुसार ऑइल कमी-जास्त करता आले तर बरे, या गरजेतून ऑइल इंजेक्शन आले, म्हणजे वेगळ्या टाकीतले ऑइल पंपाने इंजिनात सोडणे.

इंजेक्शनचे प्रकार

१९८४ मध्ये जॉन्सन आणि एव्हिनरूड इंजिनांवर व्हीआरओ (व्हेरिएबल रेशो ऑइलिंग, म्हणजे बदलत्या प्रमाणात ऑइल) नावाची पद्धत आली. यात पेट्रोलचा पंप आणि ऑइलचा पंप एकाच डब्यात बसवलेले असतात. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हा डबा चालतो आणि दोन्ही द्रव मिसळून कार्ब्युरेटरकडे पाठवतो. रेंगाळताना साधारण १५०:१ आणि पूर्ण वेगाला ५०:१ असे प्रमाण राखायचे, ही त्यामागची कल्पना. पुढे या पंपात सुधारणा झाल्या आणि नावही बदलले, तरी लोक अजून व्हीआरओच म्हणतात.

दुसरा प्रकार क्रँकशाफ्टच्या गिअरवर फिरणाऱ्या पंपाचा. यामाहाचा प्रिसिजन ब्लेंड आणि मर्क्युरीची बरीच मोठी टू-स्ट्रोक इंजिने या प्रकारात येतात. इंजिन जितके जोरात फिरेल तितका पंप जोरात फिरतो. शिवाय थ्रॉटलला जोडलेली एक दांडी पंपाच्या तोंडाशी असलेला लिव्हर हलवते आणि प्रमाण बदलते. ही दांडी निखळली किंवा तिची जुळणी बिघडली तर पंप फिरत राहतो, टाकी भरलेली असते, पण प्रमाण चुकते. भोंग्याला याचा पत्ता नसतो. पंपावर आणि लिव्हरवर जुळणीच्या खुणा असतात, झाकण उघडाल तेव्हा त्या बघायची सवय लावा.

तिसरा प्रकार डायरेक्ट इंजेक्शनचा: मर्क्युरीचे ऑप्टिमॅक्स, यामाहाचे एचपीडीआय, एव्हिनरूडचे ई-टेक. इथे किती ऑइल सोडायचे ते कॉम्प्युटर ठरवतो. ई-टेकचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, पण ती इंजिने अजून बरीच फिरताहेत. या प्रकाराबद्दल एक धोक्याची गोष्ट कळलेली असायलाच हवी. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, क्रँककेसमधून जातच नाही. त्यामुळे ऑइलचा पंप बंद पडला तर "पेट्रोलच्या टाकीत ऑइल ओतू आणि हळूहळू घरी जाऊ" हा जुना उपाय इथे चालत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल बेअरिंगपर्यंत पोहोचणारच नाही.

मोठ्या इंजिनांना दोन टाक्या असतात, हेही बघून ठेवा. एक बोटीत मागे ठेवलेली मोठी, दुसरी इंजिनाच्या झाकणाखाली छोटी. मर्क्युरीच्या कार्ब्युरेटरवाल्या व्ही-६ (सहा सिलिंडरच्या) इंजिनांमध्ये मोठ्या टाकीत क्रँककेसचा दाब सोडला जातो आणि त्या दाबाने ऑइल वर छोट्या टाकीत चढते. म्हणून मोठ्या टाकीच्या झाकणाची रबरी चकती कडक झाली किंवा झाकण अर्धवट लावले, तर दाब निसटतो आणि ऑइल वर चढत नाही. मोठी टाकी काठोकाठ भरलेली, तरी भोंगा ऑइल कमी म्हणतोय, असे झाले तर आधी त्या झाकणाकडे जा. बहुतेक वेळा एका चकतीवर काम भागते.

सेन्सर कुठे आहे आणि काय बघतो

पातळीचा सेन्सर म्हणजे टाकीतला तरंगता फ्लोट. आत चुंबक असते, फ्लोट खाली आला की खटका जुळतो. त्याला कळते ते फक्त ऑइलच्या टाकीत द्रव किती आहे. तो द्रव ऑइल आहे की तळाशी साचलेले पाणी, हेही त्याला कळत नाही. फ्लोट चिकट गाळात अडकून वरच राहिला, तर टाकी कोरडी झाली तरी तो गप्प बसेल.

पंप फिरतोय की नाही, हे बघणारा सेन्सर सगळ्या इंजिनांत नसतो. मर्क्युरीच्या अनेक व्ही-६ इंजिनांत पंपाच्या शाफ्टवर चुंबक बसवून त्याचे फिरणे टिपलेले असते. हा पंप फिरवणारा गिअर प्लास्टिकचा असतो आणि त्याचे दात झिजून निघतात, म्हणून ही काळजी घेतलेली. नंतरच्या व्हीआरओ पंपांत ऑइलच्या ठोक्यांवर नजर ठेवणारी विजेची सोय आली, सुरुवातीच्या पंपांत ती नव्हती. पण पंप फिरतोय याचा अर्थ ऑइल जातेय असा होत नाही. नळीत हवेचा मोठा बुडबुडा अडकला असेल तर पंप इमानदारीने हवा पंप करत राहील.

तापमानाचा खटका सिलिंडर हेडमध्ये बसवलेला असतो. हेड ठरलेल्या अंशापलीकडे तापले की तो वायर अर्थ करतो आणि भोंगा वाजतो. ऑइल न मिळाल्याने पिस्टन धरायला लागला तर उष्णता तयार होते हे खरे, पण ती पिस्टन आणि बेअरिंगपाशी. हेडभोवती थंड पाणी खेळत असते. खटक्याला कळेपर्यंत इंजिन आवळलेले असू शकते. यावरून तिन्ही सेन्सर एकमेकांची जागा का घेऊ शकत नाहीत, हे कळेल.

काही मोठ्या जॉन्सन-एव्हिनरूड इंजिनांत चौथा इशारा असतो, इंधनाच्या नळीतल्या ओढीचा. टाकीचे हवेचे छिद्र बंद राहिले, नळी पिळली गेली, गाळणी तुंबली, की पंपाला पेट्रोल ओढायला जोर लागतो. त्या पद्धतीत पेट्रोल आणि ऑइल एकाच पंपातून जात असल्याने हे दुखणे ऑइलच्या प्रमाणापर्यंत पोहोचते. भोंगा ऐकून लोक थंडाव्याचे पाणी तपासत बसतात, आणि दोष असतो तो पेट्रोलच्या टाकीवरच्या न उघडलेल्या हवेच्या स्क्रूचा.

आवाजाची भाषा

प्रत्येक कंपनीची, आणि त्याच कंपनीच्या वेगवेगळ्या काळातल्या इंजिनांची भाषा निराळी. तुमच्या मॉडेलचे आणि वर्षाचे मॅन्युअल मिळवून त्यातले ते एक पान लॅमिनेट करून स्टिअरिंगजवळ लावा. ढोबळ ओळख म्हणून पुढचे लक्षात ठेवा.

जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडवर सलग लांब आवाज म्हणजे इंजिन तापले. दर वीस-चाळीस सेकंदांनी एकदाच छोटी 'बीप' म्हणजे टाकीतले ऑइल कमी. भराभर थांबत-वाजत राहणारा आवाज म्हणजे ऑइल पोहोचत नाही. या शेवटच्या दोनांतला फरक पाठ करा. पहिल्यात तुमच्याकडे वेळ आहे, दुसऱ्यात नाही. १९९० च्या दशकात याच इंजिनांवर सिस्टीम चेक आला आणि आवाजांचा घोळ संपला: कुठल्याही बिघाडाला भोंगा दहा सेकंद वाजतो आणि गेजवर संबंधित दिवा लागून राहतो. दिवे चार, कमी ऑइल, ऑइल नाही, तापमान आणि चेक इंजिन. गेज बसवलेलेच नसेल किंवा दिवा उडालेला असेल, तर मात्र दहा सेकंदांचा आवाज ऐकून तुम्ही अंदाज करत बसणार.

कार्ब्युरेटरच्या मर्क्युरीवर तुटक बीप-बीप म्हणजे ऑइल कमी किंवा पंप फिरत नाही. सलग आवाज म्हणजे तापमान. तुटक आवाजात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, ही मला या पद्धतीतली सगळ्यात खटकणारी बाब वाटते. त्यामुळे या इंजिनावर तुटक बीप आली की आधी इंजिन बंद, मग छोट्या टाकीची पातळी. ती टाकी भरलेली दिसली तर आनंद मानू नका, संशय पंपावर गेला आहे.

यामाहाच्या दोन टाक्यांच्या इंजिनांवर हिरवा, पिवळा आणि लाल असे दिवे असतात. हिरवा ठीक. पिवळा म्हणजे बोटीतली मोठी टाकी संपत आली. लाल म्हणजे इंजिनावरची टाकी खाली गेली, इथे बझर वाजतो आणि इंजिनाचा वेग आपोआप मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या आसपास बांधला जातो. तापमान वाढले तरी बझर आणि वेगावरचा बांध तसाच, म्हणून तिथे कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा: ऑइलचा दिवा आणि मागची पाण्याची धार.

हा वेग बांधण्याचा प्रकार इतर कंपन्यांतही आहे. जॉन्सन-एव्हिनरूडवर तो साधारण २,५०० फेऱ्यांवर धरतो. इंजिन एकदम अडखळते, थरथरते, थ्रॉटल कितीही ढकलला तरी पुढे जात नाही. आता असे धरा की भोंग्याची वायर तुटलेली आहे. आवाज काहीच नाही, इंजिन मात्र अडखळतेय. मालक कार्ब्युरेटर उघडतो, प्लग बदलतो, पेट्रोल बदलतो. इंजिन बिचारे सगळा वेळ सांगत असते की मी तापलोय. बांध सुटायला अनेक इंजिनांत थ्रॉटल पूर्ण मागे घ्यावा लागतो आणि चावी एकदा बंद करावी लागते. नुसते थंड होऊन भागत नाही.

भोंगा जिवंत आहे का?

जुनी बोट घेतलीत तर पहिल्याच दिवशी हे करा. आधीच्या मालकाने "सारखी कटकट" म्हणून भोंग्याची वायर कापलेली असणे अजिबात दुर्मीळ नाही. भोंगा कंट्रोल बॉक्समध्ये किंवा डॅशखाली असतो, हाताने वळवायच्या इंजिनांत झाकणाखाली.

चावी 'ऑन' करा, इंजिन सुरू करू नका. नंतरच्या बऱ्याच इंजिनांत इथेच एक छोटी बीप होते, ती स्वतःची चाचणी. बीप आली म्हणजे भोंगा आणि त्याला येणारी वीज ठीक. पण सेन्सरपर्यंतची वायर अजून तपासायची आहे. त्यासाठी सिलिंडर हेडमधल्या तापमानाच्या खटक्याकडे जाणारी वायर शोधा. जॉन्सन-एव्हिनरूडवर तिचा रंग फिकट तपकिरी, मर्क्युरीवर फिकट तपकिरीवर निळी रेघ, यामाहावर गुलाबी. जोड हळूच सोडा. चावी ऑन असतानाच त्या वायरचे टोक, म्हणजे भोंग्याकडून येणारी बाजू, इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूला टेकवा. एखाद्या बोल्टचे डोके चालेल. भोंगा सलग वाजला पाहिजे. वाजला नाही तर वायर तुटली आहे, जोडावर हिरवा गंज चढला आहे, फ्यूज गेला आहे किंवा भोंगाच मेला आहे, याच क्रमाने बघा. खाऱ्या पाण्यातल्या बोटींत बहुतेक वेळा जोडावरचा गंजच सापडतो. जोड घासून, थोडे डायइलेक्ट्रिक ग्रीस (विजेच्या जोडांसाठीचे ग्रीस) लावून परत बसवा.

ही युक्ती साध्या, अर्थ होणाऱ्या खटक्यांसाठीच आहे. कॉम्प्युटर असलेल्या इंजिनांत तापमानाचा सेन्सर निराळा असतो, तिथे वायरी सोडून अर्थ करण्याच्या भानगडीत पडू नका. आणि रंग ओळखल्याशिवाय भलतीच वायर टेकवू नका.

ऑइलच्या पातळीची चाचणी आणखी सोपी. ऑइलच्या टाकीचे सेन्सरचे झाकण काढा, फ्लोट ऑइलमधून बाहेर उचलून लटकता धरा, चावी ऑन. पूर्ण एक मिनिट थांबा, कारण काही इंजिनांवर बीप बऱ्याच वेळाने एकदाच येते. झाकण निघालेलेच आहे तर टाकीच्या तळाशी टॉर्च मारा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी वेगळ्या थरात दिसते. दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून पुसल्याशिवाय इंजिन चालवू नका. ऑइल ओढणारी नळी नेमकी तळापर्यंत गेलेली असते.

यातून भोंगा आणि वायरिंग तपासले जाते, तापमानाचा खटका स्वतः नाही. तो ठरलेल्या अंशाला जुळतो का, हे मीटर लावून मेकॅनिककडून बघून घ्या.

ऑइल खरंच जातंय का, हे मोजायची पद्धत

कुठलाही सेन्सर जे सांगत नाही ते एक चिकटपट्टी सांगते. ऑइलची टाकी भरा आणि पातळीवर बाहेरून पट्टी लावा. टाकी काळी असेल तर मोजपट्टी आत घालून खूण करा. पेट्रोल काठोकाठ भरा. तुम्ही नुकतेच घेतलेले किंवा बराच काळ पडून असलेले कार्ब्युरेटरचे इंजिन असेल तर या पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येच ५०:१ ऑइल मिसळा. इंजेक्शन बंद असले तरी इंजिन सुरक्षित, चालू असले तर थोडा जास्त धूर, एवढेच. प्लगचा एक जादा संच जवळ असू द्या.

आता बोट नेहमीसारखी चालवा. परत आल्यावर पेट्रोल पुन्हा तितकेच भरा, किती लिटर गेले ते लिहा. ऑइल मोजपात्राने ओतत पट्टीपर्यंत आणा. समजा ६० लिटर पेट्रोलला ९०० मिलिलिटर ऑइल लागले. ६० ला ०.९ ने भागले की साधारण ६७:१. कधी जोरात, कधी हळू चाललेल्या बोटीसाठी हे ठीक आहे. हळू जास्त चालवलीत तर ऐंशी-शंभर दिसेल. सगळा वेळ जोरात चालवूनही आकडा शंभराच्या वर गेला तर ऑइल कमी पडतेय. पट्टीपासून पातळी हललीच नाही तर इंजिन केवळ तुम्ही मिसळलेल्या ऑइलवर जगलेय. ही चाचणी झाल्याशिवाय साध्या पेट्रोलवर जाऊ नका. हंगामाच्या सुरुवातीला ती पुन्हा करा, वहीत आकडा लिहून ठेवा. आकडा हळूहळू सरकू लागला तर बिघाड भोंग्याच्या खूप आधी दिसतो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत ऑइल बरेच कमी लागते, त्यांना हे आकडे लावू नका. तिथे मागच्या वेळचा तुमचाच आकडा तुलनेला घ्या.

पाण्यात भोंगा वाजला तर

थ्रॉटल मागे घ्या, गिअर न्यूट्रल. हे आवाज ओळखण्याच्याही आधी, हात आपोआप जायला हवा. मग मागे वळून पाण्याची धार बघा.

धार नाही किंवा क्षीण आहे, आवाज सलग आहे: इंजिन तापलेय. पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ बसले असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. काही सेकंद रिव्हर्समध्ये टाकून बघा, पिशवी सुटून जाते. फरक पडला नाही तर इंजिन बंद करा, वर उचला, जाळी हाताने साफ करा. आसपास वाहतूक किंवा खडक असतील तर आधी नांगर टाका, इंजिनात डोके घालून बसल्यावर बोट कुठे वाहत गेली हे कळत नाही. जाळी साफ आहे, इंजिन परत खाली सोडले, तरी धार येत नाही? धारेच्याच छिद्रात माती किंवा किड्याने केलेले घर असू शकते, नायलॉनची जाड तार आत सरकवून मोकळे करा. त्यानेही नाही तर इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपाचा पंखा, गेला. तो रबरी, गिअरकेसच्या (प्रोपेलरजवळच्या गिअरच्या डब्याच्या) वर बसलेला, आणि पाण्याबाहेर इंजिन काही सेकंद चालवले तरी खराब होणारा. तो पाण्यात बदलता येत नाही, मदत मागा.

धार छान आहे आणि तरी सलग आवाज: थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप) अडकला असेल किंवा एका बाजूच्या हेडला पाणी पोहोचत नसेल. चांगली धार म्हणजे पंप चालू आहे, एवढाच अर्थ. ते पाणी सगळ्या सिलिंडरांभोवती फिरले याची हमी नाही. इंजिन थंड होऊ द्या, हळू चालवत परत या. पुन्हा वाजले तर पुन्हा थांबा.

जोरात चालवून बंद केलेले इंजिन दहा मिनिटांनी सुरू केले आणि भोंगा क्षणभर वाजून थांबला, तर घाबरायचे कारण नसते. पाणी थांबल्यावर आतली उष्णता हेडकडे चढते, पाणी फिरू लागले की उतरते. मिनिटभरात थांबला नाही तर ते निराळे.

ऑइल कमी असल्याचा इशारा असेल तर मोठी आणि छोटी, दोन्ही टाक्या बघा. मर्क्युरीच्या अशा इंजिनांत मोठी टाकी रिकामी झाल्यावरही छोटीत पूर्ण वेगाची सुमारे अर्धा तास पुरेल इतके ऑइल असते. यामाहावर मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत ऑइल ढकलायला आणीबाणीचा खटका असतो, तो कुठे आहे हे आधीच शोधून ठेवा. ऑइलचा एक सीलबंद डबा बोटीत असेल तर इथे सगळा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो.

ऑइल पोहोचत नसल्याचा इशारा असेल तर इंजिन ताबडतोब बंद. कार्ब्युरेटरचे इंजिन असेल तर उरलेल्या पेट्रोलचा अंदाज घेऊन ५०:१ ने ऑइल त्यात मिसळा, वीस लिटर उरले असतील तर ४०० मिलिलिटर. टाकी नीट हलवा. नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये अजून बिनऑइलचे पेट्रोल आहे, म्हणून सुरुवातीला जोर मुळीच नको. इतके करून अगदी हळू किनारा गाठता येतो. ऑइल जवळ नसेल तर वल्ही, दोर आणि दुसऱ्याची बोट.

टाकीत काय ओतायचे

डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले ऑइल. अमेरिकेतल्या एनएमएमए या संस्थेचे हे प्रमाणपत्र पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी आहे. दुचाकीचे टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनांसाठी बनवलेले असते, त्यात राख देणारे घटक असू शकतात. ती राख पिस्टनच्या माथ्यावर बसते. गाडीचे इंजिन ऑइल तर नकोच. ई-टेकसारख्या इंजिनांना कंपनीने सांगितलेलेच ऑइल वापरा, तिथे कॉम्प्युटरचे प्रमाण त्या ऑइलवर बेतलेले असते.

हवा काढणे

ऑइलची टाकी कोरडी पडली, नळी बदलली किंवा पंप उघडला, की नळीत हवा शिरते. गिअरवर चालणाऱ्या पंपांवर बहुधा एक छोटा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, असतो. इंजिन बंद, खाली फडके. स्क्रू तीन-चार आटे सैल करा. आधी फेसाळ ऑइल येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. बुडबुडा एकही नाही असे दिसले की स्क्रू आवळा. पंपाच्या पुढची नळी अजून रिकामी आहे, म्हणून पुढचा काही वेळ पेट्रोल ५०:१ मिसळलेलेच हवे. त्या नळ्या पारदर्शक असतील तर इंजिन सुरू करून त्यांच्यातले बुडबुडे पुढे सरकताना बघा. सरकत नसतील तर अजून काम संपलेले नाही. पिवळ्या, कडक झालेल्या नळ्या आणि सैल क्लिपा याच वेळी बदलून टाका. ऑइल गळत नाही म्हणून जोड घट्ट आहे असे समजू नका, ओढीच्या बाजूने तो हवा आत घेत असतो.

इंजेक्शन काढून टाकावे का?

हा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल, तोही फार ठामपणे. माझे मत असे: पंप तपासलेला आहे, प्रमाणाचा आकडा स्थिर आहे, तर काढायचे काही कारण नाही. मिसळणे विसरणारी माणसे पंपापेक्षा जास्त वेळा चुकतात. पंप जुना आहे, सुटे भाग मिळत नाहीत, आकडा भरवशाचा नाही, अशा कार्ब्युरेटरच्या इंजिनावर मात्र ५०:१ मिसळणे हा रास्त मार्ग आहे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये हा पर्यायच नाही.

काढायचे तर नीट काढा. गिअरवर फिरणाऱ्या पंपाची नुसती नळी बंद करून ठेवली तर कोरडा पंप फिरत राहून झिजतो आणि त्याचा चुरा आत जाऊ शकतो, म्हणून पंप त्याच्या गिअरसह काढून जागा झाकावी लागते. व्हीआरओमध्ये तोच डबा पेट्रोलही पुरवतो, तेव्हा तो ठेवून फक्त ऑइलचे तोंड पक्के बंद करायचे आणि ऑइलच्या इशाऱ्याची वायर सोडवायची. इथेच घाई होते आणि ऑइलच्या वायरीसोबत तापमानाचीही वायर कापली जाते. काम संपल्यावर चावी ऑन करून हेडजवळची ती वायर पुन्हा एकदा बोल्टला टेकवा, आणि भोंगा वाजल्यावरच झाकण लावा. पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाजवळ '५०:१ मिसळा' असे पुसले न जाणारे लिहून ठेवा, बोट उद्या दुसरा कोणी नेणार असेल तर त्याला हे कळायला दुसरा मार्ग नाही.